गूळ की तूप : तालमीला जाण्यापूर्वी काय खावे?

पहाटे तालमीत जाणाऱ्या शेजारच्या मुलाने परवा विचारले, "काका, निघताना गुळाचा खडा खाऊ की दुधात तूप घालून पिऊ?" गुळाने रक्त शुद्ध होते, तुपाने बुद्धी वाढते, हे वेष्टनावरचे दावे बाजूला ठेवून, पेशी या दोन्हींचे काय करते एवढेच पाहू.

उष्मांकांत तूप निर्विवाद सरस आहे : ग्रॅमला सुमारे ९ किलोकॅलरी, तर गुळाला ४ हूनही थोड्या कमी.

माझ्या मते खरा निर्णय प्राणवायूवर ठरतो. पट काढण्यासाठी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून त्याला पाडण्यासाठी, मल्ल अर्धा-एक मिनिट सर्व ताकद लावतो, तेव्हा स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळत नाही. तरीही पेशी गुळातून मिळालेले ग्लुकोज अर्धवट फोडून रेणूमागे २ एटीपी (पेशीचे ऊर्जा वाहणारे रेणू) मिळवते आणि लॅक्टेट मागे उरते. प्राणवायू असेल, तर त्याच रेणूतून सुमारे ३० एटीपी निघतात. तुपातील मेदाम्लांना मात्र ही आडवाट नाही. त्यांना प्राणवायू लागतोच. शिवाय तूप जठरातून सावकाश पुढे सरकते, म्हणून बैठका मारताना पोट जड वाटते.

साठ्यात चित्र उलटे आहे. ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचा शरीरातील साठा, यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास मावते, चरबी मात्र किलोंनी साठते.

म्हणून या मुलाने निघण्यापूर्वी थोडा गूळ खावा आणि तूप मेहनतीनंतरच्या जेवणात घ्यावे. रंकाळ्याभोवती संथ फेरी मारणाऱ्याचे शरीर बरीचशी ऊर्जा साठलेल्या चरबीतूनच घेते, त्याला निघण्यापूर्वी दोन्हींची गरज नाही. मधुमेह असलेल्याने तर गूळ साखरेइतकाच जपून खावा.