आयात-निर्यातीचा अंदाज: जुनी आकडेमालिका की कारणांचं मॉडेल?

भारताच्या मासिक आयात-निर्यातीच्या अंदाजासाठी कोणती पद्धत घ्यावी, असं एका विद्यार्थिनीने विचारलं. पर्याय दोन: फक्त मागच्या आकड्यांवर चालणारं हंगामी मॉडेल (दरवर्षी त्या-त्या महिन्यात दिसणारे चढ-उतार पुढेही तसेच धरणारं), किंवा तेलाचा भाव, विनिमय दर, ग्राहक देशांतली मागणी धरणारं मॉडेल.

मेहनत पहिल्यात कमी. वाणिज्य मंत्रालयाचे आकडे फुकट मिळतात. दुसऱ्यात खरी अडचण वेगळीच: पुढचा तेलाचा भाव आधी तुम्हालाच गृहीत धरावा लागतो.

अचूकतेत पहिलं सणांना चकतं. धनत्रयोदशी 2023 मध्ये नोव्हेंबरात होती, 2024 मध्ये ऑक्टोबरात; सोन्याची आयात महिना पाहून नव्हे, तिथी पाहून हलते. सणाच्या तारखा मॉडेलमध्ये घाला, बराच फरक पडेल. कच्च्या तेलाचं प्रमाण आणि भाव वेगळे मोजा, हे तर मी आग्रहाने सांगेन.

धोरणाच्या धक्क्यापुढे दोन्ही हतबल. डिसेंबर 2023 ची कांदा निर्यातबंदी लासलगावच्या शेतकऱ्यालाही आधी कळली नव्हती.

पुढच्या एक-दोन महिन्यांच्या एकूण आकड्यासाठी पहिलं पुरे. वर्षभराचं नियोजन किंवा ‘रुपया घसरला तर?’ असा प्रश्न असेल तर दुसरंच घ्या.