कादंबरी छापून देतो म्हणणाऱ्यांपासून जपा

माझी कादंबरी बुडालेल्या सांगलीची आहे. पूर येतो आणि ओसरतच नाही. सरकार निघून जातं, माणसं वरच्या मजल्यांवर राहू लागतात, आयर्विन पुलावर धान्य देऊन औषधं घ्यावी लागतात. अशा शहरात ऊर्मी नावाची एकटी मुलगी तग धरून राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. तेव्हा आम्ही गावभागात गच्चीवर होतो, ही गोष्ट तिथंच सुचली. पैसे घेऊन पुस्तकं छापणाऱ्या एका कंपनीनं आज ती अडकवून ठेवली आहे. नव्यानं लिहिणाऱ्यांना कळावं म्हणून सगळं सांगते.

फेसबुकवर जाहिरात होती : हस्तलिखित पाठवा, वाचन मोफत. संध्याकाळी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पत्र हजर. ‘मानवी भावभावनांचा उत्कट पट’, ‘समर्थ लेखणी’ वगैरे. पुराचा उल्लेख नाही, ऊर्मीचं नाव नाही. पुढं मिरजेच्या एका कवीला आलेलं पत्र पाहिलं, तर शब्दन् शब्द तेच. फक्त कादंबरीच्या जागी कवितासंग्रह. मग फोन आला. “संपादक मंडळानं निवड केलीय मॅडम, पण या महिन्यात दोनच जागा उरल्यात.”

पॅकेज ३५ हजारांचं. त्यात २०० प्रती, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचे, ५ हजार वेगळे. हा नंबर भारतात फुकट मिळतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय एजन्सी तो देते आणि लेखकाला स्वतःच्या नावानं अर्ज करता येतो. कंपनीनं तो आपल्या नावावर घेतला, त्यामुळे उद्या दुसऱ्या प्रकाशकानं पुस्तक काढलं तर नंबर नवा घ्यावा लागेल.

२०० पैकी प्रती आल्या वीस. बाकीच्या ‘ऑर्डर येईल तशा’ छापणार म्हणे. मुद्रितशोधन तर कुणी केलंच नव्हतं. मी युनिकोडमध्ये दिलेला मजकूर त्यांनी डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये ओतला आणि पुन्हा नजर टाकली नाही. सगळ्या पुस्तकात रफार सरकलेले, जोडाक्षरं फुटलेली. ज्या मुलीच्या नावातच रफार आहे तिचं नाव पानोपानी मोडलेलं. हरिपूरच्या पेवांचं प्रकरण मी सगळ्यात जीव लावून लिहिलं होतं. हळद साठवायची ही जमिनीखालची पेवं; आत प्राणवायू कमी असतो म्हणून उतरण्याआधी पेटता कंदील सोडून बघतात. २००५ च्या पुरात यातली बरीच खराब झाली. माझ्या कादंबरीत ऊर्मीला एक कोरडं पेव सापडतं. भुकेनं ती व्याकूळ झालेली असते, तरी आधी कंदील सोडते आणि थांबते. कंदील विझतो. छापील पुस्तकात ते पानच नाही, त्याच्या जागी आधीचं पान दोनदा. वाचणाऱ्याला वाटतं, ही मुलगी उगाच परत फिरली. तिचं सगळं शहाणपण त्या एका पानात होतं.

तक्रार केली तर दुरुस्ती बाजूलाच राहिली, नवीन मागणी आली. जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्याला ९९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होणार होतं. तिथं आमच्या स्टॉलवर प्रकाशन करू, १२ हजार भरा. ते मी दिले नाहीत. संमेलनाला मात्र गेले आणि ग्रंथप्रदर्शन पालथं घातलं. कंपनीचा स्टॉल कुठंच नव्हता.

सगळ्यात वाईट गोष्ट कराराची. तो पैसे भरल्यानंतर आला, इंग्रजीत, ओटीपी टाकून सही करायची लिंक. हीच खूण लक्षात ठेवा : करार आधी आणि पैसे नंतर, असं जो करत नाही त्याला फाईल देऊ नका. आतल्या एका कलमात हक्क ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी’ कंपनीकडे, सिनेमा आणि ऑडिओसकट. आपल्याकडे ही मुदत म्हणजे लेखकाची हयात आणि पुढं ६० वर्षं. १९५७ च्या कायद्याचं कलम १९ सांगतं की कोणते हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशापुरते आणि मानधन किती, हे करारात लिहिलेलं हवं. मुदत लिहिलीच नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे काहीच न लिहिणारा करारसुद्धा माझ्या करारापेक्षा बरा. वकिलाला दाखवायला वेळ मागा. ‘आजच सही करा’ म्हणाले तर फोन ठेवून द्या. लेखकाकडून पैसे आधीच वसूल झाले की एक प्रतही विकायची अशा लोकांना गरज उरत नाही.

पोलीस ठाण्यात सांगितलं, ‘काही प्रती मिळाल्यात ना, हे दिवाणी प्रकरण आहे.’ मग मिरजेचे कवी आणि मी, दोघांनी मिळून वकिलाची नोटीस पाठवली आहे आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. तुम्हालाही असंच ‘उत्कट पट’वालं पत्र आलं असेल तर ते, त्यांचे व्हॉट्सअॅप मेसेज, पैसे भरल्याची पावती आणि छापलेल्या चुकीच्या पानांचे फोटो जपून ठेवा. आमच्या वकिलांनी पहिल्या भेटीत हेच मागितलं.