सिंहगड व्हॅलीतली पक्षीफेरी: रोझफिंच दिसला, आणि नीट दिसला

जानेवारीतल्या एका रविवारी आतकरवाडीतल्या एका वाटाड्या दादांबरोबर सिंहगड व्हॅलीत पक्षी बघायला गेले. माणशी 600 रुपये, सकाळी साडेसहा ते साडेदहा, शेवटी त्यांच्या घरी पोहे आणि चहा. आम्ही सहाजण होतो. त्यांनी सातव्याला नाही म्हटलं, ते मला फार आवडलं.

मला एकच पक्षी बघायचा होता, रोझफिंच. हिमालयात आणि त्याच्याही पार उत्तरेला वीण करणारा हा पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे उतरतो, पण बुलबुलासारखा कुठेही दिसत नाही. तीन हिवाळे मी हुकवले होते.

पहिल्या तासात नाचण आणि स्वर्गीय नर्तक हे पक्षी बघून झाले. मग ओढ्याच्या वर, वाळक्या झुडपांत चार-पाच तपकिरी पक्षी उतरले. मी म्हटलं, "चिमण्याच की." दादा हळूच म्हणाले, "काकू, घाई नको. आधी चोच बघा." चोच जाड, तिकोनी, बी तोंडात फिरवून अडकित्त्यासारखी फोडत होते. मग चेहरा. चिमणीच्या मादीला डोळ्यामागे फिकट पट्टी असते, इथे ती नव्हतीच. कोऱ्या चेहऱ्यावर फक्त काळ्या मण्यासारखा डोळा. रानचिमणी म्हणावी, तर तिची छाती कोरी असते, इथे रेघा कशा? "ही रोझफिंचची मादी," मी म्हटलं. तर म्हणाले, "मादी असेल, नाहीतर पहिल्या हिवाळ्यातला नर. तोही असाच दिसतो, लाल रंग नंतर येतो."

वीस मिनिटं आम्ही त्या तपकिरी पक्ष्यांपाशीच बसलो. दुसरा कोणी असता तर लाल नर शोधायला पुढे पळवलं असतं. नर आपणहून आला. डोकं, गळा, छाती डाळिंबाच्या दाण्यांसारखी लाल, पोटाकडे फिकट होत गेलेली. शेंड्यावर बसून त्याने वर चढत जाणारी एक बारीक शीळ घातली. माझे डोळे भरून आले.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका गटाबरोबर गेले होते, तिथे मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलवत होते. ते मला अजिबात पटत नाही. इथे दादांनी पहिल्याच मिनिटाला बजावलं, आवाज लावायचा नाही, दाणे टाकायचे नाहीत.

उणीव सांगायची तर भाड्याची दुर्बीण. 100 रुपये देऊन घेतली आणि तिच्यात एकाचे दोन पक्षी दिसत होते. सांगितल्यावर दादांनी स्वतःची दिली, पण आपली असेल तर आपलीच न्या. 8 बाय 42, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची, पुरते. वाटेत स्वच्छतागृह नाही, बायकांनी दादांच्या घरूनच आटपून निघावं. आणि भडक कपडे नकोत. आमच्यातल्या एकांचं पिवळं जॅकेट दादांनी पिशवीत ठेवायला लावलं, तेव्हा कुठे ती झुडपं हलायला लागली.