सुनौली, भैरहवा की लुंबिनी? नेपाळच्या वाटेवरची पहिली रात्र

कळव्याची माझी भाची पुढच्या महिन्यात पाठीवर सॅक टाकून एकटीच नेपाळला निघालीय, तीही जमिनीवरून. कुर्ला टर्मिनसहून गोरखपूर, तिथून बसने सुमारे ९५ किलोमीटरवर सुनौली आणि पुढे चालत सीमेपार. परवा तलावपाळीवर बसलो होतो तेव्हा तिने विचारलं, "मामा, पहिली रात्र कुठे काढू?"

माझं मत पक्कं आहे. आधी सीमा ओलांडायची, मग झोपायचं.

सुनौलीत मी एकदा राहिलोय. लॉजची खिडकी थेट रस्त्यावर होती आणि खाली पलीकडे जायला थांबलेल्या ट्रकांची रांग. रात्रभर इंजिनं चालू, हॉर्न चालू, उशीलासुद्धा डिझेलचा वास. सकाळी डोळे चुरचुरत असतानाच डोंगरातली बस पकडली आणि तो अख्खा दिवस वाया गेला. आपलं सिम चालतं, पैसे आपलेच, एवढीच काय ती सोय. गोरखपूरची गाडी फारच रखडली आणि पोचायला मध्यरात्र झाली, तरच तिथे थांबा.

भैरहवा पलीकडे चारेक किलोमीटरवर आहे. कागदोपत्री त्याचं नाव सिद्धार्थनगर, पण रिक्षावाल्याला भैरहवाच सांगा. बघण्यासारखं फारसं काही नाही, मात्र झोप लागते आणि सकाळी पोखरा, काठमांडू दोन्हीकडच्या बस मिळतात. संध्याकाळी दालभात मागवलात तर भात, डाळ, तरकारी पुन्हा पुन्हा आणून वाढतात. दोन दिवस रेल्वेचं खाल्लेल्या माणसाला ते ताट फार बरं वाटतं. घड्याळ मात्र पोचल्या पोचल्या १५ मिनिटं पुढे करा, नाहीतर सकाळची बस चुकेल. पैशांचंही तसंच. १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी. दुकानदार नुसतं "पन्नास" म्हणाला, तर "आयसी की एनसी?" विचारायचंच. आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. पन्नास आयसी म्हणजे ऐंशी एनसी, चहा-बिस्किटांच्या हिशेबातही फरक पडतो. शंभराच्या नोटा जास्त ठेवा, आणि मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट वरच्या खिशात.

हाताशी एक जास्तीचा दिवस असेल तर मात्र भैरहव्यातही थांबू नका, सरळ लुंबिनी गाठा. अंतर जेमतेम २२ किलोमीटर. ठाणे-कल्याणकडून धम्मयात्रेला जाणाऱ्यांना हे ठिकाण नवं नाही, पण बसभर माणसांसोबत तासाभरात बघून निघणं वेगळं आणि तिथे मुक्काम करणं वेगळं. मायादेवी मंदिराशेजारी अशोकाचा स्तंभ उभा आहे. बुद्धाचा जन्म इथे झाला, असं त्यावर ब्राह्मीत कोरलंय. अक्षरं अजून स्पष्ट दिसतात. उन्हं उतरली की गर्दी ओसरते आणि त्या दगडासमोर तुम्ही शांतपणे उभे राहू शकता. देशोदेशीचे विहार आहेत. कोरियन विहारात प्रवाशांची राहण्याजेवण्याची साधी सोय होते, एकट्या मुलीला मी तीच सुचवेन. पहाटे बाहेर पडलात तर शेतात सारस क्रौंच दिसायची शक्यता आहे.

पोखऱ्याला जायला लुंबिनीहून बहुतेकदा आधी भैरहव्याला परत यावं लागतं, तास-दीड तास जातो. भाचीकडे एकूण अकरा दिवस आहेत. मी तिला लुंबिनीच लिहून दिलीय.