घर घेण्याआधी वाचाच: माँटगोमेरी काउंटीचा ‘थ्राइव्ह माँटगोमेरी २०५०’ आराखडा

अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळ मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) क्लार्क्सबर्गला घर घेतलं तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचं मोकळं रान दिसायचं. एजंट छातीठोकपणे म्हणाला होता, ‘इथे काही होणार नाही.’ बाबांनी सासवडहून फोनवर एकच प्रश्न विचारला, ‘मागच्या जमिनीचा झोन कोणता आहे गं, म्हणजे तिथे काय बांधायची परवानगी आहे?’ मी म्हटलं, बाबा, अमेरिकेत ती भानगड नसते. दोन वर्षांनी त्या रानात खुंट्या ठोकल्या, खुंट्यांना गुलाबी फिती बांधल्या आणि रस्त्याच्या कडेला फलक लागला. टाउनहाउस, म्हणजे भिंतीला भिंत लागलेली घरं, येणार होती. एजंट खोटं बोलला होता, पण आमच्या भागाचा मास्टर प्लॅन १९९४ पासून कुणालाही वाचता येत होता, आणि त्यात ती जागा घरांसाठीच दाखवलेली होती.

तेव्हापासून या भागात घर बघणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला मी सांगते की शाळांचं रेटिंग बघता तसा आराखडाही बघा. तो फुकट आहे, नियोजन खात्याच्या वेबसाइटवर आहे, आणि माझ्या मते घराच्या व्यवहारातला सगळ्यात प्रामाणिक कागद तोच आहे.

आपल्याकडे जशी मोठ्या प्रदेशाची प्रादेशिक योजना आणि शहराचा डीपी (विकास आराखडा) असतो, तसे इथे जनरल प्लॅन आणि त्याखाली एकेका भागाचे मास्टर प्लॅन. मूळ जनरल प्लॅन १९६४ चा. वॉशिंग्टनपासून बोटांसारखे पसरणारे रस्ते आणि रेल्वे यांच्या कडेने वस्ती वाढवायची आणि बोटांच्या मधली बेचकी शेती-रानासाठी मोकळी सोडायची, ही त्यातली कल्पना. तेव्हा काउंटीची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास होती, आज दहा लाखांच्या वर आहे. १९६९ आणि १९९३ साली त्यात बदल झाले. २०१९ मध्ये नव्याने काम सुरू झालं आणि २५ ऑक्टोबर २०२२ ला काउंटी कौन्सिलने ‘थ्राइव्ह’ हा नवा जनरल प्लॅन एकमताने मंजूर केला.

मला त्यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं, तर शेतीच्या राखीव पट्ट्याला त्याने हात लावलेला नाही. एखाद्या रविवारी रूट २८ ने पूल्सव्हिलकडे गाडी काढा. डार्न्सटाउन मागे पडलं की घरं विरळ होत जातात आणि मग मका, सोयाबीन, गवताचे गोल भारे, एखादं लाल कोठार. व्हाइट हाउसपासून तासाभराच्या आत! हा ९३,००० एकरांचा पट्टा, म्हणजे काउंटीची जवळजवळ एक तृतीयांश जमीन, १९८० पासून राखीव आहे. तिथे २५ एकरांना एकच घर बांधता येतं.

आणि हे कशाच्या जोरावर टिकलं? टीडीआरच्या, म्हणजे एका जागेवरचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकता येण्याच्या! मुंबई-पुण्याच्या माणसाला टीडीआर म्हटलं की बिल्डर आठवतो. मुंबईत १९९१ च्या नियमावलीने तो आणला, रस्त्याच्या किंवा बागेच्या आरक्षणात जमीन गेली की त्या बदल्यात. इथे तो मिळाला जमीन न सोडणाऱ्या शेतकऱ्याला. आधी पाच एकरांना एक घर बांधता यायचं, ते २५ एकरांवर आणलं. पण जुन्या दराने मोजलेला हक्क त्याच्याकडेच ठेवला आणि तो वाढीसाठी ठरवलेल्या भागातल्या बिल्डरला विकायची मुभा दिली. म्हणजे शंभर एकरवाल्याच्या हातात वीस हक्क. पैसे शेतकऱ्याला, इमारत दुसरीकडे, नांगर जागच्या जागी. बाबांना हे फोनवर समजावलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘आपल्या पुरंदरला कुणी असं विचारलं असतं तर...’ आमच्या शेजारच्या शेतांचे गुंठे-गुंठे पडलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिलेत.

आराखड्याने आधीच्या चुकाही मोकळेपणाने लिहिल्यात. पूर्वेकडे, रूट २९ च्या बाजूला, गुंतवणूक पोहोचली नाही हे त्यात मान्य केलंय. मोठ्या रस्त्यांच्या कडेला फक्त बंगले नकोत, दोन-तीन-चार कुटुंबांची छोटी घरंही हवीत, हाही मुद्दा आहे. त्यावर भांडणं खूप झाली. मला तो पटतो. आमच्या मुलांना उद्या याच गावात राहायचं असेल तर एवढाले बंगले त्यांना कुठून परवडणार?

कमी काय पडलं तेही सांगते. भाषा जड आहे, एकेका परिच्छेदात इतकी ध्येयं कोंबलीत की आपल्या गल्लीत नक्की काय होणार ते शोधताना दमायला होतं. शेडी ग्रोव्हच्या मेट्रोपासून क्लार्क्सबर्गच्या दिशेने येणारा जलद बसमार्ग कित्येक वर्षं नकाशांवर आहे, जमिनीवर नाही. त्यामुळे ‘गाडीशिवाय जगता येईल’ हे आमच्याकडे वाचताना त्रास होतो. शाळांच्या क्षमतेचा हिशोबही यात शोधू नका. तो दर चार वर्षांनी ठरणाऱ्या वेगळ्या वाढ-धोरणात असतो.

एक गैरसमज मात्र काढून टाका. जनरल प्लॅन मंजूर झाला म्हणून तुमच्या प्लॉटचा झोन बदलत नाही. त्यासाठी मास्टर प्लॅन, मग झोनिंगचा नकाशा किंवा नियम बदलावे लागतात, आणि प्रत्येक वेळी जाहीर सुनावणी होते. तिथे जाऊन बोला. कुणालाही बोलता येतं, नागरिकत्व विचारत नाहीत.

माझे पाचपैकी चार तारे. घर बघायला निघालात की आधी झोनिंगचा नकाशा उघडा, पत्ता टाका आणि आपल्या घराचा नाही, मागच्या आणि शेजारच्या जमिनीचा रंग बघा. मग त्या भागाचा मास्टर प्लॅन. ‘थ्राइव्ह’ त्यानंतर, सावकाश, चहा घेऊन. आमच्या मागे आता चोवीस टाउनहाउस आहेत. त्यातल्या एका घरात नगरचं कुटुंब राहायला आलंय, आणि त्यांनी घर घेण्याआधी झोन बघितला होता.