नकाशावरचा काळोख आणि माथ्यावरचा काळोख : प्रकाश-प्रदूषणाचे नकाशे व आकाशमापक वर्षभर वापरल्यानंतर

उपनगरात राहून आकाशदर्शनाची हौस बाळगणाऱ्या माणसापुढे दुर्बिणीच्या आधी जागेचा प्रश्न उभा राहतो. चंद्र, गुरू, शनी आणि जोडतारे घराच्या गच्चीवरूनही उत्तम दिसतात. परंतु देवयानी दीर्घिका, धनू राशीतले तेजोमेघ किंवा नुसत्या डोळ्यांनी आकाशगंगेचा पट्टा पाहायचा असेल, तर काळोख शोधत बाहेर पडावेच लागते. गेल्या वर्षभरात या शोधासाठी मी दोन साधने नियमितपणे वापरली. एक म्हणजे इंटरनेटवर विनामूल्य मिळणारे प्रकाश-प्रदूषणाचे नकाशे आणि दुसरे म्हणजे युनिहेड्रॉन या कंपनीचा एसक्यूएम-एल हा हातात धरायचा, आकाशाचा उजळपणा मोजणारा आकाशमापक. पहिले साधन प्रत्येकाने वापरावे असे माझे स्पष्ट मत आहे; दुसऱ्याबद्दल मात्र थोडे थांबून बोलावे लागेल.

नकाशाची आणि माझी पहिली भेट फसगतीने झाली, आणि त्यात दोष सर्वस्वी माझ्या वाचण्याचा होता. अशा नकाशांवर साधारणपणे दोन थर असतात आणि ते एका कळीसरशी बदलता येतात. पहिल्या थरावर उपग्रहाने रात्री टिपलेला, जमिनीवरून वर जाणारा उजेड असतो, तर दुसऱ्यावर त्या उजेडामुळे आकाश किती उजळते याचा हिशेब मांडलेला असतो. मी पहिला थर उघडला, वस्तीच्या कडेपासून जेमतेम सहा किलोमीटरवर एक मोठा काळा डाग पाहिला आणि हाताशीच खजिना सापडल्याच्या आनंदात अमावास्येच्या रात्री तिथे जाऊन पोहोचलो. तो डाग म्हणजे एक तळे होते. पाण्यावर दिवे नसतात, म्हणून उपग्रहाला तिथे उजेड दिसला नव्हता, एवढाच त्या काळेपणाचा अर्थ. माझ्या डोक्यावरचे आकाश मात्र राखाडी होते, वस्तीच्या बाजूला क्षितिजापासून बरेच वरपर्यंत नारिंगी उजेडाचा घुमट चढलेला होता, आणि आलेला एकुलता एक ढग पोटाकडून असा उजळलेला होता की त्याच्या कडा मोजाव्यात. जमिनीवर दिवा नसणे आणि आकाशात उजेड नसणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या तळ्याकाठी कळले.

जागा शोधताना वापरायचा थर म्हणजे दुसरा. त्याच्यामागे २०१६ साली फाबियो फाल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला कृत्रिम आकाशतेजाचा जागतिक नकाशासंग्रह आहे. सुओमी एनपीपी या उपग्रहाने टिपलेला उजेड घ्यायचा, तो हवेतल्या रेणूंवरून व धूलिकणांवरून विखुरून दूरवर कसा पसरतो याचे गणित करायचे आणि जमिनीवरून केलेल्या हजारो मोजमापांशी ते ताडून पाहायचे, अशी त्याची रीत आहे. जगातल्या एक-तृतीयांश लोकांना त्यांच्या राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही, हा निष्कर्षही त्याच अभ्यासातला. नकाशावर हव्या त्या जागी बोट टेकवले की तिथल्या आकाशाच्या उजळपणाचा आकडा व बहुधा त्याच्याशी जुळणारी बॉर्टल श्रेणीही (आकाश किती काळे आहे हे सांगणारी नऊपैकी एक पायरी) समोर येते, आणि एवढी माहिती फुकट, क्षणात आणि पृथ्वीवरच्या जवळपास कुठल्याही जागेसाठी मिळावी याचे मला अजूनही कौतुक वाटते.

तरीही या आकड्याच्या मर्यादा ठाऊक असल्याखेरीज त्याच्या भरवशावर गाडी काढू नये. पहिली मर्यादा अशी की हा आकडा फक्त माथ्यावरच्या आकाशाचा असतो. क्षितिजाकडे काय चालले आहे ते तो सांगत नाही, आणि दक्षिणेकडे खाली रेंगाळणारे तेजोमेघ पाहायचे असणाऱ्याला नेमके तेच हवे असते. दुसरी मर्यादा वयाची आहे. नकाशासंग्रहाचे गणित २०१४च्या सुमाराच्या माहितीवर उभे आहे आणि त्यानंतर दिव्यांची संख्या व जात दोन्ही बदलली आहेत. तिसरी मर्यादा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. उपग्रहावरचा संवेदक सुमारे ५०० ते ९०० नॅनोमीटर या पट्ट्यातला उजेड टिपतो, पांढऱ्या एलईडी दिव्यातला निळा भाग मात्र ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे तो त्याच्या नजरेतून निसटतो. आणि हवेत सर्वांत जास्त विखुरतो तो हाच निळा उजेड. त्यामुळे एखाद्या वस्तीने नारिंगी सोडियम दिवे काढून पांढरे दिवे लावले, तर उपग्रहाच्या लेखी तिथे फारसा बदल होत नाही, कधी तर घटच दिसते, आणि प्रत्यक्षात आकाश आणखी फिके पडलेले असते. २०२३ साली क्रिस्टोफर कायबा व सहकाऱ्यांनी हौशी निरीक्षकांच्या २०११ ते २०२२ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा आकाशाचा उजळपणा सरासरीने दर वर्षी ९.६ टक्क्यांनी वाढत असल्याचे आढळले. हा वेग कायम राहिला तर आठ वर्षांच्या आत उजळपणा दुप्पट होतो. म्हणून नकाशाचा आकडा मी नेहमी थोडा आशावादी धरतो. याखेरीज हा उपग्रह मध्यरात्र उलटल्यावर साधारण दीडच्या सुमारास माथ्यावरून जातो, म्हणजे संध्याकाळी आठला झगमगणारी आणि बारानंतर मालवणारी मैदाने व दुकाने त्याच्या हिशेबात पुरती येत नाहीत.

या मर्यादा धरून नकाशा कसा वापरावा, तर अंतर आणि दिशा या दोन गोष्टींसाठी. मर्ल वॉकर यांनी १९७०च्या दशकात मांडलेला एक ठोकताळा आजही कामी येतो : शहराच्या दिव्यांमुळे येणारा आकाशातला उजेड अंतराच्या अडीचाव्या घाताने कमी होतो, म्हणजे अंतर दुप्पट केले की तो पाचव्या हिश्श्याच्याही खाली येतो. उपनगरातून निघणाऱ्याला याचा अर्थ असा की पहिले काही किलोमीटर जवळजवळ वायाच जातात, आणि पुढे अचानक प्रत्येक वळणाला आकाश सुधारू लागते. दिशेचे गणित त्याहून सोपे आहे, तरी पुष्कळ जण ते विसरतात. उत्तर गोलार्धातून वृश्चिक आणि धनू पाहायच्या असतील तर शहराच्या दक्षिणेला जावे, म्हणजे उजेडाचा घुमट पाठीशी राहतो. नकाशावर उत्तरेची एखादी जागा एका रंगाने अधिक काळी दिसत असली तरी या दोन राशींसाठी मी दक्षिणेची जागाच निवडीन.

शेवटी मला मानवलेली जागा म्हणजे सुमारे ५५ किलोमीटरवरची एका डोंगररांगेतली खिंड. नकाशावर ती पहिल्या तीन पर्यायांत नव्हती. परंतु मधला डोंगर शहराच्या बाजूचे क्षितिज झाकून टाकतो, दक्षिण पूर्ण मोकळी आहे, आणि उंचीमुळे खालच्या दमट, धुरकट हवेचा थर बराचसा पायाखाली राहतो. यातले नकाशाने काहीच सांगितले नव्हते, कारण डोंगराची सावली त्याच्या रंगांत उमटत नाही. त्यासाठी उंचसखलपणा दाखवणारा साधा नकाशा शेजारी ठेवावा लागतो आणि एकदा दिवसाउजेडी जाऊन यावे लागते. फाटक सूर्यास्ताला बंद होते का, जागा कोणाच्या मालकीची आहे आणि परवानगी कोणाकडे मागायची, वळणावरून येणाऱ्या वाहनांचे दिवे थेट डोळ्यांवर येतात का, फोनला रेंज आहे का, हे सगळे तिथे उभे राहिल्यावरच समजते.

आता आकाशमापकाविषयी. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी ही डबी माथ्याकडे रोखून कळ दाबली की लाल अंकांत एक आकडा उमटतो : आकाशाच्या एका वर्ग विकलेमागे (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) किती प्रतीचा उजेड आहे तो; प्रत म्हणजे ताऱ्यांची तेजस्विता मोजण्याचे माप. ताऱ्यांच्या प्रतींप्रमाणेच येथेही आकडा जितका मोठा तितका काळोख जास्त. २२च्या आसपासचा आकडा म्हणजे निसर्गतः जितके काळे असू शकते तितके आकाश. माझ्या गच्चीवर १८.९, तळ्याकाठी १९.६ आणि खिंडीत २१.२ असे आकडे मिळाले. एका प्रतीचा फरक म्हणजे अडीच पट, तेव्हा गच्चीवरचे आकाश खिंडीतल्या आकाशाच्या सुमारे आठ पट उजळ आहे. हे गणित मांडल्यावर गच्चीवर तासन्‌तास डोळे ताणल्याचे मलाच हसू आले. नकाशाने खिंडीसाठी २१.४५ सांगितले होते, म्हणजे प्रत्यक्ष आकाश नकाशापेक्षा सुमारे एक-चतुर्थांशाने जास्त उजळ निघाले.

यंत्र प्रामाणिक आहे, पण शिस्त मागते. ते सुमारे २० अंशांच्या शंकूतला उजेड मोजते, तेव्हा जवळ दिवा, झाड किंवा भिंत असू नये. बाहेरच्या तापमानाला सरावायला त्याला काही मिनिटे द्यावीत. पहिला आकडा सोडून पुढच्या तीन-चारांची सरासरी घ्यावी. आणि काळोख गडद असेल तर आकडा येईपर्यंत हात न हलवता वाट पाहावी. माथ्यावर आकाशगंगा असताना तिचाच उजेड मोजला जातो, त्यामुळे उत्तम जागी आकडा उलट थोडा घसरतो आणि नवखा माणूस निराश होतो. ०.१ प्रतीइतका फरक तर यंत्राच्याच अचूकतेच्या पोटात जातो. त्यावरून दोन जागांमध्ये डावेउजवे ठरवू नये.

मग ते घ्यावे का? वर्षानुवर्षे नोंदी ठेवून आपल्या भागातले आकाश कसे बदलते हे पाहायचे असेल, तर अवश्य घ्यावे. केवळ चांगली जागा शोधायची असेल तर डोळे पुरेसे आहेत, फक्त त्यांना अंधाराची सवय होण्यासाठी वीस ते तीस मिनिटे द्यायला हवीत आणि त्या काळात फोनचा पडदा उघडता कामा नये. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा असलेल्या ध्रुवमत्स्य या तारकासमूहाचा चौकोन हे फुकटचे मोजयंत्र आहे. त्याचे चार तारे साधारणपणे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या प्रतीचे आहेत. माझ्या गच्चीवरून त्यांतले दोन ठळक दिसतात आणि चौथ्या प्रतीचा तारा नजर किंचित बाजूला वळवली तरच क्षणभर चमकून जातो. खिंडीत चारही सहज दिसतात. जॉन बॉर्टल यांनी २००१ साली मांडलेली नऊ पायऱ्यांची श्रेणीही मुळात डोळ्यांना काय दिसते यावरच बेतलेली आहे, नकाशे तिला आकड्यांत बसवतात ती नंतरची सोय. तिच्यातली मला सर्वांत आवडलेली खूण ढगांची. उजेडाच्या आकाशात ढग पांढरा किंवा नारिंगी दिसतो, खऱ्या काळोखात तो ताऱ्यांमधल्या काळ्या भोकासारखा दिसतो. खिंडीतल्या दुसऱ्या रात्री माथ्यावर तारे एकामागून एक नाहीसे होऊ लागले, तेव्हा तिथे ढग आला आहे हे कळायलाच मला मिनिटभर लागले.

पाचपैकी गुण द्यायचे झाले तर नकाशांना साडेचार. अर्धा गुण कापला तो थरांमधला फरक नवख्याच्या लक्षात येईल असा ठळकपणे मांडलेला नसतो म्हणून, आणि रात्री उघडल्यावर काही नकाशांची पांढरी पार्श्वभूमी डोळ्यांवर येते म्हणूनही. आकाशमापकाला साडेतीन. तळ्याकाठी मी अजूनही जातो, पण पौर्णिमेच्या आसपास, चंद्र पाण्यावर आलेला पाहायला.