साखरपुड्याची अंगठी: सराफ बाजारातील एक समाधानकारक खरेदी

नाशिकच्या सराफ बाजारातील एका जुन्या पेढीतून आम्ही साखरपुड्यासाठी जांभळट लाल गार्नेटची साधी अंगठी घेतली. माफक खर्चात रंगीत खडा हवा असणाऱ्यांना मी ही पेढी मनापासून सुचवेन.

आमचा पहिला कल पाचूकडे होता. परंतु पाचूमध्ये बहुधा नैसर्गिक भेगा असतात, त्या झाकण्यासाठी तेल भरलेले असते आणि रोज वापरल्या जाणाऱ्या अंगठीत तो आघाताने तडकू शकतो, हे विक्रेत्यांनी स्वतःहून सांगितले. महाग वस्तू विकण्याची संधी सोडून दिलेला असा सल्ला दुर्मीळ असतो. 1 ते 10 च्या मोह्स मापावर काठिण्य 9 असलेला नीलम टिकाऊपणात सरस खरा, पण चांगल्या रंगाचा नीलम आमच्या आवाक्याबाहेर होता. गार्नेटचे काठिण्य 7 च्या आसपास असते. त्यामुळे खड्याच्या कडेभोवती सोन्याची पट्टी वळवून घेतली, जी कडा जपते आणि ओढणीच्या धाग्यातही अडकत नाही.

घडण 18 कॅरेटची, म्हणजे 750 शुद्धतेची (हजारात 750 भाग सोने) असून आत हॉलमार्क व सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आहे. पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, खड्याचे वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहिलेली आहे, आणि ग्राहकाने याचा आग्रह धरलाच पाहिजे, कारण एक कॅरेटचा (इथे कॅरेट हे खड्याच्या वजनाचे एकक) खडाही 0.2 ग्रॅम भरतो व तो सोन्याच्या भावाने मोजला जाऊ नये. माप बदलून मिळण्यास मात्र अपेक्षेपेक्षा अधिक वेळ लागला.